गिऱ्हाइकाची मुलगी

माझ्या धाकट्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. तिच्या बाळंतपणासाठी मी सुट्टी मागितली, तर मालक म्हणाला, "जा की. मशीनवर दुसरी बसेल." म्हणून गेले नाही.

आमचं काम लहान मुलांच्या बुटांचं. मी वरचा भाग शिवायची. बूट तयार झाला की आतल्या अस्तराला चिकटवायचं सोल्युशन लावून ते बोटांनी दाबून बसवावं लागतं. नाहीतर घडी राहते आणि पोराच्या पायाला टोचते. एवढ्याशा बुटात मोठ्या माणसाचा हात जात नाही, म्हणून मालकाने मुलं ठेवली होती. सगळी निर्वासितांच्या छावणीतली, लढाईतून जीव घेऊन पळालेली.

त्यात नऊ वर्षांची एक पोर होती. तुरुतुरु चालायची, म्हणून आम्ही तिला खारुताई म्हणायचो. तिची आई मागच्या खोलीत बुटांचे तळ घासायची. मी त्या आईला कितीदा सांगितलं, "अगं, छावणीतल्या मुलांना शाळेत घेतात. कायदाच आहे तसा."

"मावशी, हळू बोला," ती म्हणायची. "मालक म्हणतो, बोभाटा केलास तर सीमेपलीकडे हाकलीन."

त्याच्या हातात तेवढं काहीच नव्हतं. पण जिचं घर एकदा जळलंय, तिला हे पटवायचं कसं?

सरकारी तपासणीचे साहेब येणार हे मालकाला आधीच कळायचं. मग मुलांचे हात रॉकेलने पुसायचे, धुतलेले कपडे चढवायचे आणि पुढच्या दुकानात नवे बूट घालून त्यांना बाकावर बसवायचं. गिऱ्हाइकाची मुलं! आम्ही बायांनी त्यांच्या आया, आज्या व्हायचं. त्या दिवशी खारुताई माझ्या वाट्याला आली.

साहेब चहा पिऊन हसत आले. "काय गं, आवडले का बूट?"

पोरीने डावा बूट काढला, आत हात घातला, अंगठा फिरवला आणि गंभीरपणे म्हणाली, "यात घडी राहिलीय. मी केलेला नाही हा."

मग मालक खो खो हसला. "नात कुणाची आहे! मावशींचं बघून बघून शिकली."

साहेबही हसले. हसले! आणि पेन खिशाला लावू लागले.

माझं डोकं फिरलं. पोरीचा हात धरून मी त्यांच्या नाकासमोर नेला. "ही माझी नात नाही. वास घ्या. बोटांची सालं बघा. हिच्या हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर काळेनिळे डाग आहेत. आणखी काय पुरावा पाहिजे तुम्हाला? मेलेलं पोर?"

"मावशी, तोंड सांभाळा," मालक म्हणाला.

"सांभाळून सांभाळून सगळे दात पडले माझे!"

आवाज ऐकून तिची आई बाहेर आली. मला वाटलं, ही आता माझंच थोबाड फोडणार. तिने लेकीच्या पायातला दुसरा बूट ओढून काढला, गल्ल्यावर आपटला आणि साहेबांना म्हणाली, "माझी मुलगी आहे. नऊ वर्षांची आहे. इथे काम करते. लिहा."

तोवर रस्त्यावरची माणसं दारात जमली होती, म्हणून साहेबांना लिहावं लागलं. कारखान्याला टाळं लागलं. मालकाला दंड झाला. तो त्याने भरला आणि दोन गल्ल्या सोडून नवं दुकान थाटलं. आम्ही बाया घरी बसलो. काहींनी मला शिव्या घातल्या. खुशाल घालाव्यात.

खारुताई शाळेत जाऊ लागली. पण जिना चढताना तिला धाप लागायची. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सोल्युशनच्या वाफेने हिच्या अंगात रक्त तयार होणंच थांबलंय, आधी आणायला हवं होतं.

आधी! आधी तिला बघायला सरकारने पगार देऊन माणूस नेमला होता.

खारुताई पुढच्या वर्षी फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, दुपारी, दवाखान्यात वारली. ती दहा वर्षांची होती.