शून्य वस्तुमानाचा ग्रह

दाढीवाल्याचा सूड घ्यायचा, हे मी आणि ताईनं भाजी निवडता निवडता ठरवलं.

ताई पीएचडी करते. दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह कोट्यवधी वर्षांत कसे सरकतात, एकमेकांना कसे ढकलतात, हे ती कॉम्प्युटरवर चालवून बघते. दाढीवाला तिचा सीनियर. गेल्या महिन्यात त्यानं सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमधून तिचे आलेख उचलले आणि सरांना स्वतःचे म्हणून दाखवले. मोठ्या परिषदेत बोलायला आता तोच जाणार! ताई दोन दिवस धड जेवली नाही. मला तर त्याची दाढी उपटावीशी वाटत होती.

"सरांना सांग की!"

"पुरावा कुठाय? म्हणतील, जळते."

"मग त्याला परत चोरू दे. पण या वेळी काहीतरी कुजकं."

ताईचे डोळे असे चमकले की बास!

प्रोग्रॅम नीट चालतो का बघायला हे लोक एक चाचणी घेतात. बाहेरच्या मोठ्या ग्रहाचं वस्तुमान शून्य ठेवतात. मग तो कुणाला ओढत नाही आणि आतले ग्रह शहाण्या बाळासारखे फिरत राहतात. फाईलच्या सुरुवातीलाच हे सगळं लिहिलेलं असतं, करणाऱ्याच्या नावासकट. ताईनं तसली चाचणी त्याच फोल्डरमध्ये ठेवली. खोटं एक अक्षर नाही. वाचेल तो वाचेल.

त्यानं वाचलं नाही.

सेमिनारला मी शाळेला दांडी मारून शेवटच्या रांगेत. दाढीवाला छाती फुगवून म्हणाला, "ही ग्रहमाला शंभर कोटी वर्षं स्थिर राहते!"

ताईनं हात वर केला. आवाज नुसता मध. "दादा, बाहेरच्या ग्रहाचं वस्तुमान किती घेतलंत?"

"असेल... गुरूएवढं."

"फाईल उघडता जरा?"

"उघड," सर म्हणाले.

पडद्यावर भलंमोठं शून्य. वर ताईचं नाव. कुणीतरी फिसकन हसलं. मीच.

"ती माझी चाचणी आहे, सर," ताई म्हणाली. "खरं गणित माझ्या लॅपटॉपवर आहे. त्यात आतला ग्रह तीन कोटी वर्षांतच बाहेर फेकला जातो."

सरांनी दाढीवाल्याकडे पाहिलं. "आणि गेल्या महिन्यातले आलेख?"

त्यानं घाईघाईनं फाईल बंद केली.

"परिषदेला तू जा," सर ताईला म्हणाले.

बाहेर दाढीवाल्यानं तिला गाठलं. "आधी सांगायचंस ना! सगळ्यांसमोर नाक कापलंस."

"आठ दिवस शेजारी बसले होते," ताई म्हणाली. "विचारायचं होतंत."

मी त्याला वाट करून दिली. चांगली कमरेत वाकून.