रुतानं सांगितलेली अमेरिका

गडचिरोलीपासून तासाभरावर, जंगलातल्या एका लहान दवाखान्यात सुकरीबाई स्वयंपाक करायची. तिची एकुलती लेक रंजीता नर्स झाली, आधी नागपूरला आणि मग थेट अमेरिकेला गेली, त्याला आठ महिने झाले होते. गावात सुकरीचा मान वाढला होता. पण तिच्या मनाला एक गोष्ट सलत होती. दर रविवारी रंजीताचा फोन यायचा आणि काहीही विचारलं तरी उत्तर एकच, “बरं आहे.” जेवण बरं आहे, काम बरं आहे, थंडी बरी आहे. तीन मिनिटांत फोन बंद. झोपेतही बडबडणारी पोरगी होती ती!

हिवाळा सरता सरता दवाखान्यात रुता आली. लिथुआनियाची. लकवा झालेल्यांना हातपाय हलवायचा व्यायाम शिकवायची. हिंदी-मराठीची खिचडी करत बोलायची आणि सकाळी सुकरीजवळ बसून तांदूळ निवडायची. एकदा बोलता बोलता कळलं, की ती दोन वर्षं अमेरिकेत राहिली होती.

सुकरीनं सूप खाली ठेवलं. “मंग मले खरं सांग. तिथी कसं राह्यते माणूस?”

रुतानं हातातले खडे बाजूला टाकले. मग म्हणाली, “मी बावीसची होती. म्हाताऱ्यांच्या घरात काम. लोक चांगले. हसतात. विचारतात, कशी आहेस? पण उत्तर यायच्या आधी पुढे जातात. माझं नाव तिथे रूथ झालं. पहिला महिना मी सांगत होती, रूथ नाही, रुता. मग सोडून दिलं.”

“मायले काय सांगत होती?”

“बरं आहे.”

सुकरी तिच्याकडे बघतच राहिली.

“माझी आजी मेली, तेव्हा मी ड्युटीवर होती,” रुता सांगू लागली. “चादरींच्या खोलीत जाऊन रडली. बाहेर आली तर तिथे राहणारी डोरथी, नव्वद वर्षांची. तिनं काही विचारलं नाही. जवळ बसवलं आणि लहानपणीच्या गायी सांगितल्या. एकेकीचं नाव, कोणती लाथ मारायची, कोणती चोरून खायची. ऐकता ऐकता मीच बोलायला लागली. मग रोज बसायची तिच्याजवळ. तिनं माझं नाव नीट शिकलं.”

“मंग अमेरिका चांगली का वाईट?”

“डोरथी होती ना,” रुता म्हणाली. “मग चांगली.”

रविवारी सकाळी फोन आला. जेवली का, हा प्रश्न ओठावर आलाच होता, पण सुकरीनं तो गिळला.

“ऐक वं रंजी, पोचूभाऊच्या बकरीनं तलाठ्याचे कागद खाल्ले. भर सभेत! अन् मोहाची फुलं पडून राह्यली, तं आपल्या झाडाखाली अस्वल येऊन बसते. माधवीकाकू टोपली टाकून पळाली, चप्पल तिथीच.”

पलीकडे शांत. सुकरीला वाटलं, फोन कटला.

“मंग?” रंजीतानं हळूच विचारलं. “चप्पल भेटली का?”

“एकच भेटली.”

रंजीता हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फुटला. “माय, मले इथी करमत नाई वं.”

मग आठ महिन्यांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. पहिल्याच आठवड्यात तिच्या डोळ्यांसमोर गेलेला पेशंट. खिडकीतून दिसणाऱ्या नुसत्या उभ्या गाड्या. उभ्यानंच खाल्लेली पावरोटी. सुकरी पदरानं डोळे पुसत ऐकत राहिली. ‘परत ये’ म्हणावंसं फार वाटलं.

“यावं वाटलं तं ये, राह्यावं वाटलं तं राह्य,” ती शेवटी म्हणाली. “पन मले ‘बरं आहे’ नको सांगू.”

रंजीता परत आली नाही. महिनाभरानं ती केरळच्या दोन नर्सांसोबत राहायला गेली. तिथं रोज भात शिजायचा आणि भांडायलाही माणसं होती. फोन आता अर्धा अर्धा तास चालायचा.

मे महिन्यात रुताची मुदत संपली. निघायच्या दिवशी दुपारी सुकरी तिला म्हणाली, “तुह्या मायले लाव बरं फोन.”

फोनच्या पडद्यावर पिठानं माखलेल्या हातांची एक बाई दिसली. सुकरीनं फोन हातात घेतला. “बाई, तुमची पोरगी लय गुणाची आहे. आंबील पेते, सगळ्याइले हसवते. मधी ताप आला होता, मी होती जवळ.”

तिकडची बाई तिच्या भाषेत काहीतरी लांबलचक बोलली. सुकरीनं मान डोलावली, मग तिनंही डोलावली. रुता अर्थ सांगायला पुढं झाली.

“तू गप राह्य,” सुकरी म्हणाली. “आमाले समजून राह्यलं.”