ओकेलोचा रंधा आणि उलटी चौकट

मित्रांनो, जरा जपून हात लावा. मी म्हातारा रंधा असलो तरी माझं पातं अजून बोटातून रक्त काढतं.

माझा जन्म केनियातला. किसुमू गावच्या आरागिरणीत ओकेलो नावाचा एक पोरका तरुण भुसा झाडायचा. फेकलेल्या ओंडक्याच्या तुकड्यातून त्यानं मला कोरलं आणि मोडक्या विलायती रंध्याचं पातं माझ्यात बसवलं. गिरणीचा कच्छी मालक धंदा गुंडाळून नागपुरात, लकडगंजला आला, तेव्हा ओकेलोलाही घेऊन आला. पुढं मालक वारला, दुकान विकलं गेलं. ओकेलो मात्र राहिला. टिनाच्या शेडमध्ये तो संत्र्याच्या पेट्या ठोकू लागला. मग स्टुलं, मग खाटा, मग दारं. असा त्याचा कारखाना उभा राहिला. लोक पाठीमागून त्याला काय काय म्हणत, ते मी सांगणार नाही. म्हणणाऱ्यांच्याच घरची दारं आम्ही केली, एवढं पुरे.

त्या काळच्या मिस्त्र्यांची खोड सांगतो. शिकायला आलेल्याकडून वर्षानुवर्षं भुसा भरून घ्यायचा आणि मोक्याचं काम त्याच्याकडे पाठ करून करायचं. तो जन्मानं सुतार नसला, तर भुसासुद्धा मिळायचा नाही. ओकेलोनं उलटं केलं. वस्तीतली ज्यांना कोणी दारात उभं करत नव्हतं अशी मुलं-मुली त्यानं गोळा केली आणि पहिल्याच दिवशी मला त्यांच्या हाती दिलं. माझे हाल झाले! कुणी मला खिळ्यावर घासलं, कुणी तोंडावर पाडलं. ओकेलो शिव्या घालायचा आणि ज्यानं पातं बिघडवलं त्याच्याकडूनच धार लावून घ्यायचा.

त्यांतली प्रेमिला नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतली. तिची माय बायजाबाई बांधकामावर घमेली उचलायची. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली प्रताप नगरात मधुकररावांचं घर उठत होतं. त्याच्या मुख्य दाराची सागवानी चौकट ओकेलोनं प्रेमिलाला करायला दिली. बायजाबाई तिथंच मजुरीला होती. तिनं पोरीला बजावलं, "चौकट बसली तं शीक. वापस आली तं उद्यापासून माह्यासंगं घमेलं उचल. लाकडं घासून पोट नाही भरत."

चौकट बसवायच्या दिवशी मुहूर्त होता. हळदकुंकू, नारळ, आंब्याचं तोरण, गुरुजी, सगळं तयार. आम्ही चौकट उतरवली. तेवढ्यात ठेकेदाराचा जुना मिस्त्री धोंडबा तिच्याभोवती फिरला आणि खो खो हसला.

"काय गा ओकेलो, तुह्या देशात झाडं डोक्यावर उभी राहतात काय?"

"काय झालं?" मधुकरराव धावत आले.

"साहेब, उभी लाकडं उलटी हायेत. बुडाकडचं टोक वर, शेंडा खाली. जसं झाड वाढलं तसंच लाकूड दारात उभं करतात."

मधुकररावांचा चेहरा उतरला. "मुख्य दाराची चौकट, आणि उलटी? घेऊन जा ही. मला नको."

बायजाबाईनं डोक्यावरचं घमेलं खाली ठेवलं. प्रेमिलाचा हात माझ्यावर होता. तो तिनं काढून घेतला.

ओकेलो पुढं आला. "पोरीची चूक नाही. आमच्याकडे हे पाहत नाहीत, म्हणून मी शिकवलं नाही. चूक माही."

प्रेमिला मात्र थेट धोंडबासमोर उभी राहिली. "काका, तुमाले दिसलं कसं?"

म्हाताऱ्यानं इकडंतिकडं पाहिलं. हे त्यानं परक्या कुणाला कधी सांगितलं नव्हतं. मग तो वैतागून खाली बसला. "हे लाकडातली गाठ पाह्य. फांदी खोडातून निघाली का वर जाते ना वं? गाठीचा कल जिकडं, तिकडं शेंडा. चूप राहून मजा पाहणार होतो. पण असं उलटं लाकूड माह्याच्यानं पाहवत नाही." मग हळूच म्हणाला, "दोन्ही उलटी हायेत, हे बरं झालं. सांध्यातल्या खुंट्या काढ. डावं फिरवून उजवीकडं घे, उजवं डावीकडं, म्हंजे पल्ल्याची खाच आतच राहीन. घडीभरात होते."

गुरुजी म्हणाले, "होऊ द्या. वेळ आहे."

खुंट्या निघाल्या, लाकडं फिरली. एका लाकडाचं कुसू, म्हणजे टोकाची जीभ, उंबरठ्याच्या भोकात जाईना. प्रेमिलानं मला उचललं आणि कागदासारखा पातळ पापुद्रा काढला. धोंडबा पुटपुटला, "अजून एक हात. बस! बस म्हटलं ना!" कुसू आत गेलं, खट्ट करून बसलं.

मित्रांनो, तो आवाज ऐकून माझ्या लाकडातला ताण सुटला. चौकट उभी झाल्यावर मधुकररावांनी ओळंबा लावून पाहिला, दोनदा पाहिला. मग स्वतःच नारळ आणून गुरुजींच्या हाती दिला.

नारळ फुटल्यावर बायजाबाई जवळ आली. चौकटीला हात लावावा की नाही, तिला कळेना. "माहे हात खरबडे हायेत. ओरखडा तं नाही पडन ना वं?"

"सागवान हाय माय. लाव."

तिनं तळहात वरपासून खालपर्यंत फिरवला आणि म्हणाली, "उद्या लवकर जाजो कारखान्यात. मी डबा करून देतो."

आता माझी मागणी ऐका. मला काचेच्या कपाटात मांडू नका, तिथं मी गंजून मरेन. पात्याला तेल लावा, काम झालं की मला कुशीवर निजवा. आणि तुम्हाला जे येतं ते दाबून ठेवू नका. विचारणारा समोर आला, की धोंडबासारखं वैतागून का होईना, पण सांगून टाका.