खुंटीवरची निळी शाल

मी एक जुनी निळी शाल आहे. मित्रांनो, मी हेवेखोर आहे, हे आधीच सांगून टाकते.

मेक्सिकोतल्या एका डोंगरी गावात तोमासाआजीने मला आपल्या लेकीसाठी, एल्व्हिरासाठी, विणले. एल्व्हिराने आपली लेक यूनुएन माझ्यातच पाठीशी बांधून वाढवली. मका खुडताना, बाजारात, चुलीपुढे आम्ही तिघी एकत्र. बायका म्हणत, "काय देखणी शाल ग!" मी फुलून जाई. मग यूनुएन चालू लागली आणि मी खुंटीला लागले. एल्व्हिराच्या कमरेला रोज मिठी मारणारा तो तेलकट एप्रन पाहून माझा नुसता जळफळाट होई.

यूनुएन चार वर्षांची असताना एक मेंढी व्याली आणि मेली. एल्व्हिराने तिचे कोकरू पाठीवर बांधले. तेही माझ्यात! त्याला बाटलीने दूध, त्याचे पापे. मला ते सोसवेना. पण यूनुएनचे हाल माझ्याहून वाईट होते. ती जेवेना, अंथरूण ओले करू लागली, "मला पण पाठीवर घे" म्हणून लोळण घेऊ लागली.

आमच्याकडे पोर असे किरकिरे झाले की आईला दिवस गेले, असेच समजतात. आजीने त्यावर उतारा म्हणून नातीच्या मनगटाला लाल दोरा बांधला आणि लेकीला विचारले, "कितवा महिना ग?"

"काहीतरीच काय, आई! पोटात फक्त तुझ्या मिरचीची आग आहे."

"मग ही पोर कुणावर जळतेय?"

तेवढ्यात यूनुएनने मागून येऊन कोकराचा कान पिरगाळला. ते ओरडले. एल्व्हिराने हात उगारला, तो आजीने वरच्यावर धरला.

"मारू नकोस. तुझ्या पाठीवर कोण बसलंय ते बघ आधी. ती जागा हिची होती."

एल्व्हिरा खाली बसली. तिने लेकीला मांडीवर ओढले.

"राग आला होय ग माझ्या बाळाला?"

"हो," यूनुएन म्हणाली आणि पोटभर रडली. मग नाक पुसत तिने विचारले, "मी घेऊ त्याला?"

तिच्या पाठीला मी फार मोठी होते. आजीने कात्री आणली आणि माझे दोन तुकडे केले. दुखले, खोटे कशाला बोलू? धाकट्या तुकड्यात कोकरू बांधून यूनुएन अंगणभर मिरवली. "रडू नको हं, मी आहे ना," असे त्याला सांगत होती. त्या रात्री ती दोन घास जास्त जेवली.

मित्रांनो, घरात नवे कुणी आले की जुन्याला "आता तू मोठा झालास" म्हणून गप्प बसवू नका. आधी मांडीवर घ्या, त्याला राग आला का, ते विचारा.

मी उरलेला मोठा तुकडा. खुंटीवरून त्या धाकट्या तुकड्याकडे बघते आणि अजून जळते. "राग आला होय ग?" असे मला मात्र कुणी विचारलेले नाही.