निळ्या टोपणाची नळी

मोठीच्या मुलीचं लग्न बैठकीच्या खोलीत लागलं, त्या वर्षीची ही गोष्ट. नवरामुलगा सोफ्याच्या एका टोकाला, मुलगी दुसऱ्या टोकाला आणि सगळे पाहुणे खुर्चीला टेकवलेल्या फोनमध्ये. साथ आली होती. ठरवलेल्या हॉलला कुलूप पडलं होतं आणि मोठी म्हणत होती, "बरं झालं, रुसणाऱ्यांना फोनमध्येच रुसू दे."

धाकटीनं ते लग्न इस्पितळाच्या वसतिगृहातून बघितलं. धाकटी म्हणजे मोठीची जाऊ. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत ती रक्त तपासायची. साथ घरी न्यायला नको म्हणून तिनं वसतिगृहात खाट घेतली होती. नवरा नोकरीच्या गावी अडकून पडला होता. पाळीवरून सुटली ती तशीच फोनसमोर येऊन बसली, तर मोठी तिकडून ओरडली, "जळू, तोंडावरचं ते काढ आधी! जावई बिचकेल."

"काढलं तर जास्त बिचकेल, वहिनी. तोंडभर वळ उठलेत."

"मग असू दे बाई."

जळू हे नाव मोठीनंच पाडलेलं. त्याला कारण होतं. मोठीच्या काळजात धातूची झडप होती, मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमारास बसवलेली. शांत खोलीत तिच्याजवळ बसलं की टिकटिक ऐकू यायची. मोठीचा नवरा, म्हणजे धाकटीचे भाऊजी, नव्या माणसाला सांगायचे, "आमच्या घड्याळाला किल्ली द्यावी लागत नाही. उलट तेच आम्हाला देतं." अशा झडपेवर रक्त साकळायला बघतं, म्हणून ते पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागते. गोळी जास्त झाली तर रक्त वाहायला लागतं, कमी झाली तर गाठ धरते. मधली वाट अरुंद. म्हणून दर महिन्याला रक्त तपासायचं आणि आकडा येईल तशी गोळी वाढवायची नाहीतर उतरवायची.

तो आकडा काढायचं टेबल धाकटीचं होतं. मोठी दर महिन्याला खिडकीवरची रांग सोडून थेट आत यायची, बाही वर करायची आणि सगळ्यांच्या देखत म्हणायची, "घे बाई, पी."

या तपासणीची नळी निळ्या टोपणाची. तिच्या तळाशी थोडं औषध असतं, रक्त तिथल्या तिथे गोठू नये म्हणून. वर एक रेघ असते. रक्त त्या रेघेपर्यंत भरलंच पाहिजे. कमी भरलं की औषध प्रमाणाबाहेर होतं आणि रक्त आहे त्याहून पातळ दिसतं. धाकटी प्रत्येक नळी उजेडाकडे धरून बघायची आणि रेघेला कमी असली की परत पाठवायची. वॉर्डातल्या नर्सा वैतागायच्या. "थोडं कमी पडलं तर काय आभाळ कोसळतंय का?" धाकटी नळी त्यांच्या हातात ठेवायची आणि पुढची उचलायची. वाद घालायला तिला कधी वेळच नसायचा.

साथीनं ही सगळी घडी विस्कटली. स्वॅब तपासायला नवा हॉल उघडला आणि प्रयोगशाळेतले जे हात नाजूक कामाला सरावलेले होते ते सगळे तिकडे ओढले गेले. धाकटी त्यात पहिली. एकदा पांढरा झगा चढवून हॉलमध्ये शिरलं की इकडच्या माणसांत यायची बंदी. साखरेच्या तपासण्या थांबल्या, थायरॉइडच्या थांबल्या. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींचे तुकडे बरण्यांतल्या औषधात तसेच पडून राहिले, कारण ते कापणारा माणूसच स्वॅबच्या पेट्या मोजत होता. बाह्यरुग्ण विभागातल्या खुर्च्या एकावर एक रचून दोरीनं बांधून ठेवल्या. दोघे कर्मचारी स्वतःच तापानं पडले.

धाकटीच्या टेबलावर कानवाली आली. कानवाली म्हणजे ऐकू येतं की नाही ते तपासणाऱ्या विभागातली मुलगी. तो विभाग बंद झाला होता, मग तिला इकडे पाठवलं. स्वभावानं सरळ, हात सावकाश. शीर कशी टोचायची, नळी कुठे ठेवायची, बटण कुठलं दाबायचं, आकडा कुठे उमटतो, एवढं तिला एकानं दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी तो दाखवणाराच आजारी पडला. रेघेचं काही सांगायचं राहूनच गेलं.

लग्न झालं तेव्हा मोठीची तपासणी आधीच चुकलेली होती. खिडकीच बंद होती. पुढचाही महिना तसाच गेला. मग अगदी गरजेच्या लोकांसाठी सकाळी थोडा वेळ खिडकी उघडायला लागली, तेव्हा ती जाऊन आली.

संध्याकाळी फोनवर धाकटीनं विचारलं, "रक्त दिलंत ना वहिनी? आकडा किती आला?"

"आला काहीतरी. डॉक्टरांनी फोनवर बघितलाय. तू तुझं बघ. जेवलीस का?"

"आकडा सांगा ना."

"अगं, तिकडे मरमर काम करतेस आणि वर माझा आकडा हवाय तुला! सगळं ठीक आहे म्हटलं ना."

तेवढ्यात धाकटीला हॉलमध्ये हाक आली. उद्या विचारू म्हणून तिनं फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी स्वॅबच्या पेट्यांचा असा ढीग आला की ते तिच्या डोक्यातून गेलं. मोठीनंही विषय काढला नाही. गोळी अर्धी करायला सांगितली होती आणि मोठी त्यावर खूश होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा औषध कमी झालं, असं ती नवऱ्याला सांगत होती.

काही आठवडे गेले. एका बुधवारी सकाळी, हॉलमध्ये शिरण्याआधी, धाकटीनं घरी फोन लावला. भाऊजींनी उचलला.

"वहिनी कुठे आहेत?"

"पडलीय जरा. दम लागतोय म्हणते. घरात बसून बसून माणूस जड होतं, दुसरं काय. मी मात्र मजेत आहे. हल्ली झोप छान लागते."

"कशी काय?"

"हिचं घड्याळ बंद झालंय ना!" भाऊजी हसले. "कान उशीवर ठेवला तरी काही ऐकू येत नाही. डॉक्टरांनी गोळी कमी केली, म्हणून आवाज बसला असेल."

"गोळी कमी केली? कधी?"

"ती रक्त देऊन आली त्या दिवशीच. फार पातळ झालंय म्हणाले. तुला नाही बोलली?"

"भाऊजी, त्यांना आत्ताच्या आत्ता इस्पितळात आणा. रुग्णवाहिकेची वाट बघू नका. जी गाडी मिळेल तीत घाला."

"अगं, पण झालं काय?"

"झडप अडकलीय. गाठ धरलीय तिच्यावर. आणा लवकर."

हॉलच्या दारात प्रयोगशाळेचे साहेब उभे होते. त्या दिवशी पाळीवर धाकटी आणि आणखी एकजण, एवढेच.

"साहेब, मला जायचंय. माझी जाऊ येतेय, तिची झडप बंद पडतेय."

"कुठल्या डॉक्टरनं बघितलं?"

"कुणी नाही. आवाज येत नाही म्हणतात."

साहेबांनी आत रचलेल्या पेट्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे. "जा. तुझ्या जागी मी बसतो. कित्येक वर्षांत या कामाला हात लावलेला नाही. घोळ झाला तर तुझ्याच नावानं शंख करीन."

"करा," म्हणत ती धावलीच.

शेजाऱ्याच्या सामान पोचवायच्या गाडीत मागच्या बाजूला गादी टाकून भाऊजींनी मोठीला आणलं. पण फाटकाशी नियम होता. ताप असो नसो, आधी स्वॅब. त्याचा रिपोर्ट आल्याशिवाय वर काळजाच्या विभागात कुणाला घेत नव्हते. तोवर पेशंटला ठेवायला जी खोली होती ती पूर्वीची कान तपासायची. भिंतींना जाड गादी, दार लावलं की बाहेरचा आवाज साफ बंद. भाऊजींना बाहेरच थांबवलं.

धाकटी झग्यात, हातमोजे घालून आत गेली तेव्हा मोठी उशीला टेकून बसली होती. ओठ काळसर, बोलताना धाप.

"जळू का तू? मला वाटलं, वरून न्यायला आलेत."

"गप्प बसा. हात द्या."

"हे काय, एवढ्या शांततेत मलाच माझा आवाज येत नाही."

धाकटीनं आधी स्वॅब घेतला. मग डाव्या मनगटाच्या मागची नेहमीची शीर शोधली आणि निळ्या टोपणाची नळी लावली. शीर बारीक, रक्त सावकाश येत होतं. नळी अर्धी भरली तशी मोठी म्हणाली, "पुरे की गं. त्या दिवशीच्या पोरीला मी इथेच थांबवलं होतं. ती बिचारी पुन्हा टोचायला निघाली होती. म्हटलं, माझी जाऊ इथलीच आहे, मला सगळं ठाऊक आहे, एवढंच लागतं."

धाकटीनं नळी रेघेपर्यंत भरली, टोपण तपासलं आणि उलटसुलट करून खिशात ठेवली.

"रागावलीस?"

"नाही वहिनी. पडून राहा."

स्वॅब तिनं स्वतः हॉलच्या दाराशी नेला आणि साहेबांच्या हातात दिला. त्यांनी तो पहिल्या खणात लावला. पण मशीन कुणाच्या ओळखीनं लवकर चालत नाही, त्याला लागतील तेवढे तास लागतातच. मग ती आपल्या जुन्या टेबलावर गेली. कानवाली उठून बाजूला झाली. धाकटीनं नळी फिरवून घेतली, मशीनला लावली. आकडा आला. धातूची झडप नसलेल्या, गोळी न घेणाऱ्या माणसाचा यावा तसा. रक्त जरासुद्धा पातळ नव्हतं.

काळजाचे डॉक्टर झगा चढवून कान तपासायच्या खोलीतच आले. छातीला यंत्र लावून ऐकलं आणि लगेच गाठ विरघळायचं औषध शिरेतून चालू केलं. झडप उघडून साफ करायची तर वरच नेलं पाहिजे, रिपोर्ट येऊ दे, म्हणाले. ते दोनदा येऊन विचारून गेले. दोन्ही वेळा धाकटीनं हॉलमध्ये फोन केला आणि दोन्ही वेळा साहेब म्हणाले, "अजून नाही."

दुपारी मोठीनं पाणी मागितलं. दोन घोट घेतले. "मुलीला सांगू नको, उगाच घाबरेल," म्हणाली. त्यानंतर ती बोलली नाही. डॉक्टर आले, छातीवर दाब देत राहिले, घामानं त्यांचा झगा चिकटला, मग थांबले.

भाऊजींना धाकटीनं अंगणात गाठून सांगितलं. ते गाडीच्या फळीवर बसले. मग म्हणाले, "पण त्या दिवशी तर पातळ आलं होतं रक्त."

"नळी अर्धी भरली होती, भाऊजी. अशी नळी तपासायची नसते, परत पाठवायची असते. नवीन मुलगी होती, तिला कुणी सांगितलं नव्हतं. फोनवरच्या डॉक्टरांना नुसता आकडा दिसला."

"आणि तू?"

"मी स्वॅबच्या हॉलमध्ये होते."

नळी कुणी थांबवली, ते तिनं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हॉलकडे गेली नाही. साहेबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मला रोज सकाळी तासभर माझ्या टेबलावर सोडा. नाहीतर मी येतच नाही." साहेबांनी तास दिला.

कानवाली तिथे आधीच आलेली होती. डोळे सुजलेले. "ताई, त्या बाई स्वतःच म्हणाल्या…"

"मला माहीत आहे त्या काय म्हणाल्या. रडू नको, काम पडलंय. आधीच्या नळ्या टाकल्यास की आहेत?"

"आठवड्याच्या आहेत."

दोघींनी स्टँडवरच्या नळ्या एकेक करून उजेडाकडे धरल्या. दोन रेघेला कमी निघाल्या. त्या ज्यांच्या होत्या त्या दोघा पेशंटना धाकटीनं तिथूनच फोन लावला. गोळी बदलली असेल तर पहिल्यासारखी करा आणि आज इकडे या, म्हणाली. एकानं तिला फोनवरच चार शब्द सुनावले. तरी दुपारपर्यंत दोघेही आले.

"ही रेघ," धाकटीनं कानवालीला दाखवलं. "याच्या खाली असली तर नळी परत. पेशंट रडू दे, भांडू दे, माझं नाव सांगू दे. परत."

मोठी गेली ती थंडी पडायच्या आधीच्या महिन्यात, बुधवारी दुपारी, कान तपासायच्या खोलीत. तिला साथीचा आजार नव्हता. तसा रिपोर्ट त्याच संध्याकाळी आला. भाऊजी त्यानंतर दोन वर्षांनी झोपेत गेले.