इकडचा हायड्रोजन तिकडे

मंजूषाची अर्धी हयात भोपाळच्या प्रयोगशाळेत रेणू फोडण्यात गेली होती. यंत्रात इलेक्ट्रॉनचा मार बसला की रेणू तुटतो. पण काही लबाड रेणू तुटता तुटता एखादा हायड्रोजन इकडचा तिकडे सारतात आणि तुकडा असा नीटनेटका बसतो, की नवख्याला वाटावं, हा जन्मापासून असाच. मंजूषा मात्र असल्या तुकड्याला कधी फसली नव्हती.

त्या रविवारी ती न कळवताच धाकट्या बहिणीकडे, अयोध्या नगरात गेली. स्वयंपाकघराच्या फरशीवर हिरव्या काचा पडल्या होत्या आणि बहिणीचा नवरा पराग तिथंच उभा होता. शर्वरीनं ओढणी इकडची तिकडे सारली, रक्ताळलेलं मनगट झाकलं आणि हसली.

"बांगड्या वाढल्या गं, ताई."

"वाढल्या नाहीत. फोडल्यात."

"घर का मामला है, ताई," म्हणत परागनं बायकोवर पुन्हा हात उगारला. मंजूषानं ओट्यावरचा लोखंडी बत्ता उचलला आणि सगळं बळ एकवटून त्याच्या मनगटावर हाणला. हाड कडाडलं. पराग काचांतच कोसळला आणि गुरासारखा ओरडू लागला.

शेजारच्या मंगलाकाकू धावत दारात आल्या. "अगंबाई! काय झालं?"

मंजूषानं बत्ता जागच्या जागी ठेवला.

"काही नाही, काकू. आमच्या जावयांचं मनगट वाढलं."