दोन पिनांसाठी उभा राहिलेला ट्रक

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे आणि मला उभे राहता येत नाही. चाकांपुढे दगड लावले की माझा जीव वरखाली होतो. समोरून दुसरी गाडी गेली की वाटते, आपणही निघावे. निघून कुठे जायचे ते नंतर बघू. त्यामुळे कुमासी शहरातल्या सुआमेच्या गॅरेजांच्या वस्तीत मी जे दिवस उभा राहून काढले, ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब दिवस होते.

माझा जन्म थंड देशातला. तिथे हिवाळ्यात डिझेलसुद्धा गोठू लागते. त्यात मेणाचे कण तयार होतात, ढगासारखे दिसतात आणि फिल्टर तुंबवतात. म्हणून कारखान्यातल्या लोकांनी माझ्या डिझेल फिल्टरखाली एक छोटा हीटर बसवला होता. पुढे मी बोटीतून घानात आलो, तेमा बंदरात उतरलो, आणि उन्हाने माझे बॉनेट असे तापले की त्यावर हात ठेवणे कठीण झाले. हीटरचे काम त्याच दिवशी संपले.

बंदरावर मला निवडले ते बादूने. तो कुमासीचा. माझ्याभोवती फिरून त्याने खाली वाकून पाहिले आणि तो हीटर बघून खोखो हसला. "अरे, हा तर लोकरीची टोपी घालून आलाय! आईने घालून पाठवली असेल."

बरोबरचे म्हणाले, काढून टाक. बादू म्हणाला, "आईने दिलेली वस्तू असते, राहू दे." त्याने हीटरचा कनेक्टर उपसून बाजूला केला, त्यात ग्रीस भरले, मेणकापडात गुंडाळून सुतळीने बांधला आणि चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात खोचून दिला. दर नव्या वर्षाला तो ते सोडायचा, जुने ग्रीस पुसून नवे भरायचा आणि पुन्हा बांधायचा. लोक हसायचे. मलाही तेव्हा ते उगाचच वाटायचे.

माझ्या कपाळावर त्याने रंगाऱ्याकडून 'मेरेबा' असे लिहून घेतले. मेरेबा म्हणजे 'येतोच'. आमच्याकडे निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. त्या नावानेच मला सगळा रस्ता ओळखू लागला. एजुराकडून सुरणासारखे मोठे याम कंद आणि मक्याची पोती, परतताना सिमेंट, पत्रे, कधी लग्नघरच्या खुर्च्या. चढावर मी धापा टाकू लागलो की बादू स्टिअरिंगवर थोपटायचा. मी कधी त्याला रस्त्यात टाकले नाही.

बादूचे गुडघे गेले, तसा मी बोआडीकडे आलो. बोआडी त्याच्या बहिणीचा मुलगा. आमच्या असांते लोकांत मामाची मिळकत भाच्याकडे जाते, आणि मामाला वोफा म्हणतात. बोआडीने वोफाची सेवाही मनापासून केली. पण बादूच्या स्वतःच्या मुलांना, विशेषतः थोरल्या यिआदोमला, हे सलत असे. ट्रक बापाचा आणि चावी दुसऱ्याच्या खिशात!

बोआडी वाईट मुलगा नाही. मला चकाचक ठेवण्याची त्याला हौस फार. दर रविवारी तो जोरदार फवाऱ्याने मला धुवायचा, बॉनेट उघडून आतूनसुद्धा. तिथेच घोटाळा झाला.

माझ्या डिझेल पंपाच्या डोक्यावर अंगठ्याएवढा विजेचा खटका आहे. चावी फिरवली की त्यात वीज जाते, तो आतला खिळा ओढून धरतो आणि डिझेलची वाट मोकळी होते. चावी बंद केली की खिळा पडतो, डिझेल तुटते, इंजिन थांबते. या खटक्यापर्यंत वीज आणतो तो काळ्या प्लास्टिकचा दोन पिनांचा कनेक्टर. फवाऱ्याचे पाणी त्यात शिरले. आतले पितळी चिमटे हिरवे पडले. हिरवेपणामुळे विजेला अडथळा झाला, अडथळ्यामुळे जागा तापू लागली, तापून चिमट्यांची पकड ढिली झाली, आणि पकड ढिली झाली तसा अडथळा आणखी वाढला. त्यात बाहेरची प्लास्टिकची जिभली मोडली. मग खडबडीत रस्त्यावर कनेक्टर हलायचा, खिळा पडायचा, आणि मी भर चढावर गप्प व्हायचो. बोआडी उतरून कनेक्टर दाबायचा, काडेपेटीची काडी खुपसायचा आणि पुढे निघायचा.

अशातच बादू गेला.

मित्रांनो, आमच्याकडे ड्रायव्हर वारला तर त्याची शवपेटी त्याच्याच गाडीतून गावी नेतात. आरशांना लाल फडकी बांधतात, हॉर्न वाजवत जातात. आणि ती गाडी वाटेत आपोआप थांबली, तर लोक म्हणतात की मृताची काहीतरी तक्रार आहे, तो पुढे जायला तयार नाही. मग तक्रार कुणाविरुद्ध, याची चर्चा सुरू होते.

घरच्या बैठकीत अंत्ययात्रा शनिवारी ठरली, तेव्हा यिआदोम एवढेच म्हणाला, "बघू या ना. बाबांना कुठे थांबावंसं वाटतं ते."

बोआडीने मान खाली घातली. मी कुठेही थांबलो असतो, तरी सगळ्या गावाने बोट त्याच्याकडेच दाखवले असते. दुसऱ्या सकाळी तो मला सुआमेला घेऊन आला, आणि तिथे पोचेपर्यंत मी दोनदा बंद पडलो.

गाड्यांच्या विजेचे काम करणारी अफ्रियिए माझ्या बॉनेटखाली वाकली. तिने तपासणीच्या दिव्याने एकेक जागा पाहिली.

"ड्रायव्हरसाहेब, पंप ठीक, खटका ठीक. हा कनेक्टर मेलाय. इतकं धुतलं कुणी?"

"मीच. गाडी स्वच्छ नको का?"

"स्वच्छ! डोळ्यांत साबण घालून आंघोळ घातलीयस त्याला."

"सिस्टर, टोमणे नंतर मार. वायरी पिळून टेप लावून दे ना थेट."

"पिना खोलात आहेत, त्यांना पिळू कुठे? आणि पुढचा रस्ता माहितीये तुला. पत्र्यासारखा पन्हळी. पहिल्या मैलात सुटेल."

शेजारचा वेल्डर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "खटक्यातला खिळाच काढून फेका की! मग बंद पडायचा प्रश्नच नाही."

"आणि थांबवायचा कसा?" अफ्रियिए म्हणाली. "पेटी उतरवतायत, म्हातारी माणसं दारू शिंपडून पूर्वजांना हाका मारतायत, आणि हा मागे घर्र घर्र करत उभा. पूर्वज पळून जातील."

बोआडीही हसला, पण त्याचे हसू लगेच विरले.

मग शोध सुरू झाला. सुआमेत तोडलेल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या रांगाच रांगा आहेत. दोघे रोज निघायचे, हातात माझा मेलेला कनेक्टर नमुना म्हणून. कनेक्टर ढिगाने होते! पण कुणाला तीन पिना, कुणाच्या कडेला एक खाच कमी. आणि जे अगदी जुळायचे, त्यांना वायरच नसायची. कारण तांबे वजनावर विकले जाते, प्लास्टिकला कुणी विचारत नाही. गाडी तोडणारे वायर थेट कनेक्टरच्या मानेशी कापतात आणि तांब्यासाठी जाळतात. मानेशी कापलेल्या कनेक्टरला नवी वायर जोडायला जागा उरत नाही, आणि आतले चिमटे सुटे कुठे मिळत नाहीत.

"शेपटीसकट हवाय," अफ्रियिए एका विक्रेत्याला म्हणाली.

"शेपटी हवी तर मासळीबाजारात जा, सिस्टर. इथे फक्त मुंडकी."

माझ्या शेजारी माझ्याच जातीचा एक ट्रक उभा होता, किंवा जे काही उरले होते ते. त्याच्या वायरी जळतानाचा काळा धूर माझ्या काचेवर बसला. बोआडी एका संध्याकाळी त्याच्याकडे बघून म्हणाला, "शनिवारी हा वाटेत थांबला ना, तर मी यालाही इथेच देऊन टाकणार. रोज याच्यात बसून लोकांची तोंडं नाही बघवणार मला."

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! कारण मला ठाऊक होते. हवा तोच कनेक्टर, त्याच खाचांचा, शेपटीसकट, माझ्याच पोटात होता. ते दोघे सारी वस्ती पालथी घालून येत आणि माझ्याच मडगार्डला टेकून केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचा उकडलेला गोळा, आणि तळलेली मासळी खात. त्यांच्या गुडघ्यापासून तो हातभर अंतरावर होता. मी हॉर्न वाजवू शकत नव्हतो, दिवा उघडझाप करू शकत नव्हतो. ट्रकला चावीशिवाय तोंड नसते. मी नुसता आतल्या आत धडधडत होतो, इंजिन बंद असताना.

शुक्रवारी दुपारी बोआडीची आई आली. मामे सेरवा; मामे म्हणजे आमच्याकडे आई. अंगावर काळे वस्त्र, हातात आरशांना बांधायची लाल फडकी. भाऊ गेल्यापासून तिचा आवाज बसला होता.

"मिळाला का रे?"

"नाही, आई. भाड्याची गाडी करू या. ही नको."

"भाड्याची? त्याची इच्छा काय होती, आणि तू—"

"ही थांबली तर काय म्हणतील माहितीये ना तुला?"

ती आरशाला फडके बांधू लागली. गाठ मारता मारता तिने माझ्या दारावर हात फिरवला आणि मला म्हणाली, जसे बादू म्हणायचा तसे, "काय रे, लोकरीची टोपी आणलीस थंडीच्या देशातून, आणि इथे येऊन तुला सर्दी झाली?"

"कसली टोपी?" अफ्रियिएने विचारले.

"अगं, माझ्या भावाचं खूळ. काहीतरी थंडीचं यंत्र आहे म्हणे याच्या पोटात. दर वर्षी त्याला ग्रीस लावून, कापडात बांधून—"

अफ्रियिएच्या हातातला केंके खाली पडला. "हीटर! डिझेलचा हीटर! बोआडी, सरक!" ती पाठीवर आडवी होऊन माझ्याखाली शिरली. सुतळी कापल्याचा आवाज आला. मेणकापड सुटले.

"सिस्टर?" बोआडी वाकला.

"आंधळे आहोत आपण," ती आतून म्हणाली. "दोघंही. कारखान्यातून आजच आल्यासारखा आहे. वायर तर जरा जाडच."

तिने वीतभर शेपटी ठेवून तो कापला, माझ्या वायरींशी डाक देऊन जोडला आणि खटक्यावर दाबला. कट्! त्या जिभलीचा तो छोटा आवाज मला कुठल्याही हॉर्नपेक्षा गोड वाटला.

शनिवारी बादू माझ्यावर चढला, आयुष्यात पहिल्यांदाच मागच्या बाजूला. पन्हळी रस्ता लागला तेव्हा बोआडीने स्टिअरिंग घट्ट आवळून धरले. यिआदोम शेजारी बसला होता, कान इंजिनाकडे लावून. माझा बोल्ट न् बोल्ट थरथरत होता. कनेक्टर हलला नाही. ज्या चढावर मी नेहमी गप्प व्हायचो, तो चढ आला. बोआडीने गिअर उतरवला. तो चढ मागे पडला.

गावाच्या दफनभूमीशी बोआडीने लांबलचक हॉर्न दिला आणि चावी फिरवली. खिळा पडला. सगळीकडे शांतता पसरली. दारू शिंपडणाऱ्या म्हाताऱ्यांचा आवाज स्वच्छ ऐकू येऊ लागला.

यिआदोम उतरला. त्याने माझ्या बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाला, "कुठे थांबला नाही."

"थांबला की," बोआडी म्हणाला. "इथे."

दोघांनी मिळून पेटीचा पुढचा भाग धरला.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी वस्तू असेल जिचे आज काही काम नाही. तिला लगेच मानेशी कापू नका. पुसून, बांधून कोपऱ्यात ठेवा. आणि जी रोज राबते, तिला चमकवताना तिच्या आत पाणी जात नाही ना, तेवढे बघा.

परवा बोआडीने माझ्या हीटरच्या उरलेल्या दोन तारांना ग्रीस लावले आणि मेणकापडाने बांधले. अफ्रियिए म्हणाली, "आता तिथे जोडायला काय उरलंय?"

"असू दे," तो म्हणाला. "वोफाने ठेवलं होतं."

मग त्याने दगड काढले. पुढे रस्ता मोकळा होता. आणि मी, कपाळावर 'येतोच' मिरवत, निघालो.